आधी गंज, मग मुंज्या

वाशीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: मोडकळीला आलेल्या इमारती आणि त्यांच्यावर उगवलेली झाडं यांचा छायाचित्र-निबंध करतोय. 'पिंपळाने इमारत फोडली' अशी ओळ फोटोखाली टाकली तर चालेल का?

वाशीपुरती तरी नको. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची, म्हणजे शहर अजून साठीलाही आलेलं नाही. तरी सुरुवातीच्या काही इमारती धोकादायक ठरून पुनर्विकासाच्या रांगेत लागल्या. गुन्हेगार सळईत बसलेला आहे. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबाराच्या आसपास असतो आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड झिरपून सामू नऊपर्यंत उतरतो. खाडीच्या हवेतलं क्लोराइड तर त्याचीही वाट पाहत नाही. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घातलेल्या हरभऱ्यांसारखा तो काँक्रीटला आतून रेटतो. सज्जाखाली आधी तांबूस ओघळ दिसतो, मग पोपडे सुटतात, मग भेग पडते. तांबट किंवा बुलबुलाच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी या भेगेत रुजतं. शेजारी गळका ड्रेनेज पाइप असला की त्याची चंगळच. मुळं पुढे भेग रुंदावतात हे खरं, पण ती पाडलेली असते दुसऱ्यानेच. (त्या बीमागे प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स नावाची, जेमतेम दीडेक मिलिमीटरची गांधीलमाशीची चुलत बहीण असते. परागीभवन तीच करते. तिचा फोटो मिळाला तर मला नक्की पाठवा.)

बेलापूरच्या किल्ल्याची गोष्ट वेगळी. तिथे सळई नाही. दगडांच्या दरजांमधल्या चुन्यात शिरलेली मुळं जाड होत जातात आणि दगड सरकवतात. तिथे पिंपळाला दोष देता येईल. मात्र 'पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो' हे व्हॉट्सअ‍ॅपी ज्ञान दोन्हीकडे टाळा. अंधारात कोणतंच झाड ऑक्सिजन देत नाही.

या कामात गुरू करावा तर रिचर्ड डीकिनला. या इंग्रज डॉक्टराने १८५५मध्ये रोमच्या कलोसियमवर आपसूक उगवलेल्या ४२० वनस्पतींचं सचित्र पुस्तक काढलं. एका पडक्या वास्तूवर ४२०! पुढे इटली एक झाल्यावर पुरातत्त्ववाल्यांनी ती सगळी हिरवाई खरवडून काढली. भग्नावशेषांचे फोटो काढणाऱ्यांना हा माणूस सहसा ठाऊक नसतो. त्याने 'वेली' म्हणून भागवलं नाही, प्रत्येकीचं नाव शोधलं.

तेच इथे केलंत आणि 'निसर्ग परतला' असं शीर्षक द्यायचा विचार असेल, तर ते अडचणीत येईल. बंद कारखान्याच्या आवारात माजलेली घाणेरी आणि सुबाभूळ, दोघीही अमेरिका खंडातून आलेल्या. भराव पडण्यापूर्वी शहराच्या बऱ्याच भागात भातखाचरं, मिठागरं आणि खारफुटी होती. त्यातलं काय परत आलं, हे प्रत्येक फोटोखाली झाडाचं नाव लिहिल्याशिवाय कळणार नाही.

एकच भिंत पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच जागेवरून टिपा. भेगेशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे रुंदी कळेल. ओघळ दिसतो पण झाड नाही, अशी एक तरी भिंत मालिकेत हवीच. धोकादायक इमारतीच्या सज्जाखाली मात्र जाऊ नका. तिथे नाणं विसरा आणि रस्त्यावरून झूम करा.