लुगडे, कोळसा आणि शिळी भाकरी

नवे लुगडे घरात आले की माझी आजी पहिल्याच दिवशी त्याच्या म्हातारपणाची तरतूद करून ठेवी. माझे आजोळ शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे. वडील रेल्वेत, म्हणून आमचे बिऱ्हाड दौंडला. त्यामुळे काटकसरीच्या दोन शाळा मला पाहायला मिळाल्या.

आजीची शाळा कापडाची. नऊवारी मध्येच विरले की तेवढा भाग फाडून काढायचा, दोन्हीकडचे धड तुकडे दंड घालून जोडायचे आणि पुन्हा नेसायचे. मग त्याचे परकर, मग तान्ह्याची दुपटी, आणि उरेल त्याची गोधडी. आत आजोबांची धोतरे, वर लुगडे. टाके कडेने निघून फिरत फिरत मध्यावर येत. (परवा सूनबाईने पुण्यातल्या एका प्रदर्शनातून गोधडी आणली. सुबक आहे, नाही कशाला म्हणू? पण कापड सगळे कोरे!) आजीची गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई. चुलीची राख भांड्यांना, तीही नारळाच्या शेंडीने घासायची; पितळेला मात्र आमटीतून उरलेला चिंचेचा चोथा.

दौंडची शाळा निराळी. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि गाव जंक्शन बनले. माझ्या लहानपणी कोळशाची इंजिने होती. इंजिनाची राख खाली पाडली की त्यातला अर्धवट जळलेला कोळसा गरीब बायका टोपल्यांत वेचून घरोघर विकीत. आई तो शेगडीला घेई. तळाचा चुरा शेणमातीत कालवून त्याचे गोळे वळी आणि उन्हात वाळवी. रॉकेलचा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा डबा तर घरचा माणूसच! आडवी दांडी ठोकली की पाण्याला, झाकण बसवले की धान्याला. गंजला की कापून पत्रा सरळ करायचा, खिळ्याने भोके पाडायची, झाली किसणी.

हे सारे कौतुकाने सांगावे असेच आहे. पण १९७२ चा दुष्काळ आठवला की कौतुकाला जरा आवर घालावासा वाटतो. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना चिरत जाई, म्हणून आजी उकळत्या पाण्यात पीठ भिजवी. उरलेली भाकरी वाळवायची, कुटायची आणि कांद्याच्या फोडणीवर परतायची. घरात काही वाया जात नसे, हे खरेच. मात्र शिळे कोणाच्या ताटात जाई, ते कोणी विचारीत नसे. ताजी भाकरी पुरुषांना आणि पोरांना. कुटका आजीला, तोही सर्वांच्या मागून.

एके रात्री मामांनी तो तिच्या पुढून ओढून आपल्या ताटात घेतला. आजी चिडली, “माझ्या घरात मला शहाणपण शिकवतोस?” म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून शिळ्याच्या वाटण्या सर्वांना होऊ लागल्या. वाढणारी तीच असल्यामुळे तिची वाटणी तेवढी पुढेही मोठीच असे.