शेळ्या-सशांच्या तावडीतून सुटलेला साप

मॉरिशस म्हटले की डोडो आठवतो. सतराव्या शतकात नामशेष झालेला हा पक्षी विनाशाचे प्रतीक ठरला आहे. मात्र याच मॉरिशसच्या परिसरात डोडोच्या वाटेने निघालेल्या एका जिवाला अगदी शेवटच्या टप्प्यावर वाचवण्यात माणसाला यश आले. तो म्हणजे 'राउंड आयलंड बोआ' हा बिनविषारी, निशाचर साप.

मराठी भाषकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असलेल्या मॉरिशसच्या मुख्य बेटावर हा साप पूर्वी होता, हे तेथे सापडलेल्या अवशेषांवरून दिसते. जहाजांबरोबर उंदीर आले आणि कालांतराने तो तेथून नाहीसा झाला. उत्तरेस सुमारे २२ किलोमीटर अंतरावरील राउंड आयलंडवर मात्र उंदीर कधीच पोहोचले नाहीत. सव्वादोन चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या या ज्वालामुखीजन्य बेटावर तो तग धरून राहिला.

नावात 'बोआ' असले, तरी हा साप खऱ्या बोआंच्या कुळातला नव्हे. बहुतेक बोआ पिलांना जन्म देतात. हा अंडी घालतो. अजगरांच्या शरीरात आढळणारे मागील पायांचे अवशेषही त्याच्यात नाहीत. त्याचे खरे वेगळेपण जबड्यात आहे. त्याच्या वरच्या जबड्याचे हाड प्रत्येक बाजूला दोन तुकड्यांत विभागलेले असून, ते सांध्याप्रमाणे हलतात. अशी रचना त्याच्या कुळाखेरीज जमिनीवरील अन्य कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्यात नाही. पाली आणि सापसुरळ्या हे त्याचे मुख्य खाद्य. सापसुरळीचे अंग गुळगुळीत आणि निसटते असते; ते घट्ट पकडण्यासाठी हा दुभंगलेला जबडा उपयोगी पडत असावा, असे मानले जाते. सुमारे दीड मीटरपर्यंत वाढणारा हा साप दिवसा ताडाच्या वाळक्या झावळ्यांत दडतो आणि अंधार पडल्यावर शिकारीला निघतो. दिवसा गडद असणारा त्याचा रंग रात्री फिकट होतो.

या सापावर संकट आले ते अप्रत्यक्षपणे. एकोणिसाव्या शतकात बेटावर सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी ताडांची कोवळी रोपे फस्त केली. जुनी झाडे वादळांत कोसळत राहिली, त्यांच्या जागी नवी उगवेनात. झाडे गेल्याने झावळ्यांचा आसरा गेला. पावसाने माती समुद्रात वाहून नेली आणि उघडा खडक उरला. याच बेटावर याच कुळातला दुसरा एक साप होता. त्याची शरीरघडण भुसभुशीत जमिनीत शिरण्याजोगी होती. मातीच उरली नाही, तेव्हा त्याला थारा राहिला नाही. १९७५ नंतर तो कोणालाही दिसलेला नाही.

प्रसिद्ध निसर्गप्रेमी लेखक जेराल्ड ड्यूरेल यांनी १९७६ मध्ये या बेटाला भेट दिली. त्यानंतर काही साप जर्सी येथील त्यांच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांचे प्रजनन करण्यात आले. तथापि, पिंजऱ्यातील प्रजननाने बेट सुधारणार नव्हते. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे बेटावरून पूर्णपणे हटवण्यात आले. रोपे पुन्हा तग धरू लागली. आपल्याकडे उद्यानांत आणि सोसायट्यांच्या प्रवेशद्वाराशी शोभेसाठी लावला जाणारा 'बॉटल पाम' मूळचा याच बेटावरचा. तेथे जंगली अवस्थेत त्याची मोजकीच झाडे उरली होती. हिरवाई परतली, तसे किडे, पाली आणि सापसुरळ्या वाढल्या आणि त्यांच्यामागोमाग सापही सावरला.

तरीही सारी प्रजाती एकाच बेटावर असणे धोक्याचे होते. एखादा वणवा किंवा चोरपावलांनी आलेले उंदीर तिचा शेवट करू शकले असते. म्हणून उंदीरमुक्त केलेल्या 'गनर्स क्वॉइन' या शेजारच्या बेटावर आधी सापसुरळ्या नेण्यात आल्या आणि २०१२ मध्ये साठ साप सोडण्यात आले. भक्ष्य आधी, भक्षक नंतर, हा क्रम जाणीवपूर्वक ठेवला होता.

या सापाला ना कोणी विषारी समजून ठेचले होते, ना कातडीसाठी पकडले होते. त्याच्या पायाखालची नव्हे, पोटाखालची जमीनच सरकली होती. एखादा प्राणी वाचवायचा, तर त्याची माती आधी वाचवावी लागते, हे राउंड आयलंडने दाखवून दिले. दुसऱ्या सापासाठी मात्र हा शहाणपणा उशिरा आला.