अ‍ॅडमिनने किती जागायचं?

आमच्या कविमंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. सव्वाशे माणसं, वाचणारे थोडे, पाठवणारेच जास्त. गेल्या वर्षी एका रात्री दोनच्या सुमारास एका सदस्याने कुठून तरी आलेली चारोळी पुढे ढकलली. एका समाजाची तीत गलिच्छ टिंगल होती. फजरच्या नमाजाला उठलो तेव्हा मी ती पाहिली. तोवर दोघांनी अंगठा दाखवला होता आणि तिसऱ्याने लिहिलं होतं, ‘अ‍ॅडमिनसाहेब, आता तुम्हीच आत जाणार!’ मी ती पुसून टाकली. हात मात्र कापत होता. माझं नाव असलेल्या माणसाला अशी थट्टा थट्टा वाटत नाही. बायको म्हणाली, ‘अहो, ही राखणदारी तुम्हाला सांगितली होती कोणी?’

मी वकील नाही, साधा बी.ए. पण त्या दिवसापासून हा विषय मुळापासून समजून घेतला.

तुमच्या हातातलं वर्तमानपत्र उलटून पाहा. तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. ही रीत 1867 च्या कायद्यापासूनची. संपादक मजकूर वाचतो, निवडतो, मग छापतो. म्हणून जबाबदारी त्याची. याउलट पोस्टमन बंद पाकीट आणून देतो, आतल्या शिवीचा जाब त्याला कोणी विचारत नाही. मग लाखो लोकांचा मजकूर विनावाचता जिथे चढतो ती संकेतस्थळं कोण? संपादक की पोस्टमन?

आपल्याकडे हा प्रश्न पेटला 2004 मध्ये. ‘बाझी डॉट कॉम’ या खरेदीविक्रीच्या संकेतस्थळावर एका विद्यार्थ्याने शाळकरी मुलांची आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली. कंपनीने ती नंतर काढली, तरी डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. त्यांच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केला, तोही कंपनीला आरोपी केलं नव्हतं या कारणावरून.

दरम्यान 2008 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 बदललं. मजकूर तुम्ही लिहिला नाही, कोणाला पाठवायचा हे ठरवलं नाही, त्यात फेरफार केला नाही आणि योग्य ती काळजी घेतली, तर तुम्ही सुटलात. पण बेकायदा मजकुराची ‘माहिती’ मिळूनही तो ठेवलात, तर संरक्षण गेलं. माहिती मिळाली म्हणजे काय? कोणीही रागावून तक्रार केली म्हणजे? सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सांगितलं, तसं नव्हे. न्यायालयाचा किंवा सरकारी यंत्रणेचा आदेश हवा. कलम 66अ रद्द झालं म्हणून हा निकाल गाजला, पण हा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याला नको असलेली कविता तासाभरात गायब!

आता माझ्यासारख्या चिमुकल्या मध्यस्थाचं काय? गोंदियाच्या एका प्रकरणात सदस्याने एका महिलेविषयी घाण लिहिलं आणि गुन्हा अ‍ॅडमिनवरही दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तो रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा आधीपासूनचा कट दिसत नसेल तर सदस्याच्या लिखाणासाठी अ‍ॅडमिन दोषी नाही. त्याच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच आहे, मजकूर आधी तपासण्याचा अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं. मला हायसं वाटलं. पण 2022 पासून व्हॉट्सअ‍ॅपने दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय अ‍ॅडमिनला दिली आहे. मीही तीच वापरली. अधिकार वाढला की जबाबदारीही वाढते का? उद्या एखादा वकील हे विचारणारच. मला विचाराल तर उत्तर नाही असंच असावं. रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

पाठवणारा मात्र सुटत नाही. महिला पत्रकारांची निंदा करणारा मजकूर पुढे पाठवणाऱ्या एका तमिळ नटाने, डोळ्यांत औषध घातल्यामुळे तो वाचता आला नाही, अशी सबब दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती मानली नाही.

आमच्या त्या सदस्याचा फोन सकाळी दहाला आला. म्हणाला, ‘सर, आईशपथ, मी ती वाचलीच नव्हती.’ मी त्याला त्या नटाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता.