सहाव्या वर्षाची दाढ

मुलाचा पहिला दांत पडला कीं घरांत त्याचें कोण कौतुक होतें! तो कौलांवर फेंकला जातो आणि नव्या दांताची सर्वजण वाट पाहूं लागतात. परंतु त्याच सुमारास, सहाव्या वर्षीं, त्याच्या तोंडांत अगदीं मागें चार मोठ्या दाढा निमूटपणें येत असतात आणि आईबापांस बहुधा त्यांची वार्ताही नसते.

याचें कारण उघड आहे. या दाढांसाठीं एकही दुधाचा दांत पडावा लागत नाहीं. दुधाच्या शेवटच्या दाढेमागील मोकळ्या जागीं त्या उगवतात. जी पडून आली नाहीं ती दुधाचीच, असें आपण धरून चालतों. आणि तिच्यावर काळा ठिपका दिसला तरी ‘पडेलच ती’ म्हणून स्वस्थ बसतों. वस्तुतः ती जन्माची सोबतीण. ती गेली तर तिच्या जागीं दुसरी येत नाहीं, शेजारचे दांतही कलतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. समोरच्या दोन दांतांमधील रेषेपासून एका बाजूस मोजीत जावें. सहावी येते ती हीच.

‘कीड’ हा शब्द फसवा आहे. दांतांत किडा नसतो. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानें दांताचें कवच झिजतें. नव्या दाढेचें कवच पुरतें टणक झालेलें नसतें, तिच्या खांचा खोल असतात आणि पूर्ण वर येण्यास तिला कित्येक महिने लागतात. तोंवर ब्रश तिला न शिवतांच निघून जातो. २००२-०३ सालीं भारतीय दंत परिषदेनें केलेल्या देशव्यापी पाहणींत बारा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५३.८ मुलांस दंतक्षय आढळला.

उपाय मात्र घरचेच आहेत. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीं निजण्यापूर्वीं मुलाचे दांत आईनें किंवा वडिलांनीं स्वतः घांसावे. या दाढेवर ब्रश गालाच्या बाजूनें आडवा घालावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. लाडू-वडी वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. ती जेवणाबरोबर द्यावी. घातक असतें तें दिवसभर थोडें थोडें गोड चघळणें. शिवाय खांचा बुजविणारा लेप दंतवैद्य लावून देतात. कवच आम्लानें किंचित् खरखरीत करून त्यावर राळ पक्की बसविण्याची युक्ति अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनीं १९५५ मध्यें प्रसिद्ध केली; हा लेप तिचेंच फळ. त्यासाठीं दांत कोरावा लागत नाहीं, भूलही द्यावी लागत नाहीं.

मुंजीचा विचार आपण आठव्या वर्षीं करतों. ही दाढ त्यापूर्वींच येऊन बसलेली असते. तेव्हां मुलगा असो वा मुलगी, सहाव्या वाढदिवशीं औक्षण झाल्यावर त्याला उजेडांत बसवावें, तोंड उघडावयास सांगावें आणि सहापर्यंत मोजावें.