पिल्लाचे दुधाचे दात

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की मुलांच्या आनंदाला पारावार उरत नाही. त्याच्यासाठी गोणपाट अंथरले जाते, वाटी वेगळी काढली जाते, नावावरून वादही रंगतो. परंतु थोडे दिवस लोटतात न लोटतात तोच चपला कुरतडलेल्या आढळतात, सतरंजीला भोके पडतात आणि पिल्लू खोडकर ठरते. वास्तविक त्या वेळी त्याच्या तोंडात मोठे स्थित्यंतर चाललेले असते.

जन्मतः पिल्लाला दात नसतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात उगवू लागतात आणि पुढे ते २८ होतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात व साधारणतः सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू दिसेल ते चावते. त्यासाठी त्याला मारू नये. चप्पल उचलून ठेवावी व रबराचे चिवट खेळणे द्यावे. नखाने दाबली असता जी वस्तू मुळीच दबत नाही, ती चावण्यास देऊ नये. हाडाने दात तडकण्याचा संभव असतो.

‘दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला?’ असे पुष्कळांना वाटते. परंतु कित्येकदा, विशेषतः पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत, जुना सुळा पडत नाही आणि नवा त्याच्या शेजारी वाकडा उगवतो. दोहोंच्या फटीत अन्न अडकून हिरड्या सुजतात. म्हणून आठवड्यातून एकदा ओठ हलकेच उचलून पाहावे. एका जागी दोन दात दिसल्यास पशुवैद्यांकडे न्यावे. भूल देऊन जुना दात काढता येतो. घरी तो ओढण्याचा प्रयत्न करू नये.

दात घासण्याची सवयही याच वयात लावावी. प्रथम बोटाला ओले फडके गुंडाळून दातांवरून हलकेच फिरवावे, नंतर मऊ ब्रश घ्यावा. हिरड्या दुखत असतील तेव्हा आग्रह धरू नये. आपली टूथपेस्ट मात्र वापरू नये. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल त्याला विषारी असते. मिश्रीत तंबाखू असल्याने तीही वर्ज्य. साधे पाणी पुरे. दात लागून खरचटल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.

लसीकरणाचाही दातांशी संबंध आहे. लहानपणी डिस्टेंपर हा रोग झाल्यास, पिल्लू वाचले तरी कायमच्या दातांचे कठीण आवरण खडबडीत व ठिसूळ राहू शकते. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी सुरू कराव्यात.

मुके जनावर दात दुखतो असे सांगत नाही. ते एका बाजूने चावते, घास टाकते, वाटीपाशी जाऊन परत फिरते. ही भाषा ज्या घराला कळली, त्या घरात पिल्लू सुखाने वाढेल.