कोयनेच्या पाण्यामागे, खडीवरून खाडीपर्यंत

कोयना दोन समुद्रांना जाते. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या रांगांमधून साधारण ६५ किलोमीटर दक्षिणेला येते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. शाळेत शिकलेली कोयना ती हीच. पण धरण झाल्यापासून तिच्या पाण्याचा मोठा वाटा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतो, पोफळीला वीज करतो, वाशिष्ठीत पडतो आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्र गाठतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेच्या वाटणीला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. या दुसऱ्या प्रवासाच्या मागोमाग सायकल घेऊन गेले, तर महाराष्ट्रातली सगळ्यात कसदार ग्रॅव्हल वाट हाती लागते, असे माझे मत आहे.

ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरून सायकल चालवणे, हा प्रकार तसा अलीकडचा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २००६ साली माळरानाच्या खडीवरून दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. आज ती ‘अनबाउंड’ नावाने जगभर माहीत आहे. २०२२ मध्ये इटलीत या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. सायकल दिसायला शर्यतीची, वाकड्या हँडलची. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, हवा कमी, गिअर चढाला सोपे. तिला लागणारे रस्ते आपल्याला नवे नाहीत. आपले कितीतरी रस्ते अजून मुरमाचे आणि खडीकरणाचेच आहेत, आणि शेताकडे जाणाऱ्या पाणंदी गावोगाव आहेत.

सुरुवात साताऱ्यातून. सज्जनगड उजव्या हाताला ठेवून ठोसेघरचा चढ चढला की चाळकेवाडीचे पठार लागते, आणि तिथून पाटणच्या बाजूला वनकुसवड्यापर्यंत पवनचक्क्यांचे राज्य सुरू होते. उंची समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या घरात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इथे पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या. त्यांची अजस्र पाती वर न्यायला डोंगरमाथ्यावर मुरमाचे रुंद रस्ते काढावे लागले. ते रस्ते आज सायकलवाल्याच्या कामाला येतात.

या माथ्यावर वरचा थर जांभ्याचा आणि खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. चाकाखाली दोन्हींचा स्वभाव अगदी निराळा. जांभ्याचे गोलसर खडे उतारावर सुटतात, पुढचे चाक नकळत बाजूला सरकते. तिथे पुढचा ब्रेक दाबला की माणूस आडवा. बेसाल्टची फोडलेली खडी मात्र धारदार असते आणि टायरची कड कापते. जांभ्यावर हवा थोडी कमी केलेली बरी, खडीवर ती परत भरायची. ट्यूबलेस टायर असला तरी एक ट्यूब आणि कड शिवायचा तुकडा जवळ पाहिजेच, कारण वर दुकान नाही. आहेत ते धनगरवाडे, आणि तिथे पाणी मागितले तर ताक पुढे येते.

एक गोष्ट इथे ठासून सांगितली पाहिजे. सड्यावरची, म्हणजे या जांभ्याच्या पठारावरची, माती जेमतेम बोटभर जाडीची असते. पावसाळ्यानंतर तिच्यावर तेरडा, गेंद, सीतेची आसवे फुलतात. चाकाचे चर अशा जमिनीवर वर्षानुवर्षे राहतात. रस्ता सोडून सड्यावर सायकल घालणे म्हणजे त्या फुलांच्या बियांवर चालणे, आणि ते कुणीही करू नये.

सांगली जिल्ह्याचा वाटा या मार्गाला दक्षिणेकडून जोडायचा. जत-आटपाडीच्या दुष्काळी माळांनी ओळखला जाणारा हा जिल्हा पश्चिमेला शिराळा तालुक्यात संपतो, तेव्हा त्याचे रूप पालटलेले असते. वांग आणि वारणा या दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगरावर गुढे-पाचगणीचे पठार आहे. तिथेही पवनचक्क्या, तिथेही जांभ्याचे रस्ते. खाली वारणेच्या काठाने चरण, आरळा, मणदूर अशी गावे घेत चांदोली धरणापर्यंत जाता येते. धरणाची साठवण ३४.४० टीएमसी. त्याच्या पलीकडे जंगल आहे, आणि तिथे सायकलने थांबायचे आहे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली अभयारण्य दोन्ही १९८५ साली जाहीर झाले. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशात घेतले, तेव्हा कास, कोयना आणि चांदोली त्या यादीत होते. या जंगलातली गावे उठवली गेली. झोळंबीसारख्या गावांची घरे-शेते मागे राहिली आणि माणसे पुनर्वसनात दूर गेली. २०२५च्या नोव्हेंबरात ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत सोडली गेली.

नकाशावर पाहिले की मोह होतो. उठवलेल्या गावांच्या जुन्या बैलगाडीच्या वाटा उपग्रहाच्या चित्रात अजून दिसतात, आणि चांदोलीतून कोयनेला जोडणारी ती रेघ कुठल्याही सायकलवाल्याला खुणावेल. पण ज्या वाटांवरून माणसांना त्यांचे देव आणि गोठे सोडून बाहेर यावे लागले, त्यांवर आपण केवळ हौसेखातर जावे, हे मला पटत नाही. गाभा क्षेत्र वाघाचे. सायकलीने बफरमधल्या गावांच्या रस्त्यांवर राहावे, दिवस मावळायच्या आत गावात पोचावे. तेवढ्यातही जंगल पुरेसे भेटते. पाटणच्या वरच्या वाड्यांमध्ये गव्यांचा कळप रस्ता ओलांडत असेल तर सायकल आडवी धरून, गप्प उभे राहून तो जाऊ द्यायचा असतो.

वनकुसवड्याहून पाटणला उतरून कोयनानगरकडे वळले की नदी पुन्हा सोबतीला येते. १०३ मीटर उंचीच्या या धरणाने अडवलेला शिवसागर १०५.२५ टीएमसीचा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, धरण टिकले. पुढे १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी खडक फोडून चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात पाणी घेतले गेले. हेळवाकला चहा घेताना लक्षात ठेवावे, की नदी इथून पूर्वेला वळते आणि आपण मात्र बोगद्यातल्या पाण्याच्या डोक्यावरून पश्चिमेला निघालो आहोत.

कुंभार्ली घाट पूर्ण डांबरी आहे आणि मालट्रकांनी भरलेला. पहाटे लवकर उतरावा, मागचा लाल दिवा चालू ठेवावा, बस्स.

घाट संपला की पोफळी, अलोरे, मग चिपळूण. इथे पुन्हा जांभा भेटतो, पण आता समुद्रसपाटीजवळ, लाल धुळीच्या रूपात. २२ जुलै २०२१ला याच वाशिष्ठीने चिपळूण बुडवले होते. गोवळकोटच्या पुढे नदीची खाडी होते. सर्वांत अवघड सायकल इथे चालवावी लागते, चढ नसताना. वाडीवाडीला जोडणाऱ्या वाटा कधी जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून जातात, कधी खारभूमीच्या बांधावरून. बांध हातभर रुंद. एका बाजूला खाजणातले भातशेत, दुसऱ्या बाजूला तिवर, चिपी आणि मारांडीचे कांदळवन. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी बांधाला लागते आणि माथ्यावरची माती साबणासारखी होते. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ गावात विचारायची. ती कोळ्याला तोंडपाठ असते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. सांगलीकरांना त्यांचे नवल नाही, कृष्णाकाठी भिलवडी-औदुंबरला त्या आहेतच. पण काठावर सायकल धुवायला खाली उतरू नये.

खाडीची दुखणीही डोळ्याआड करता येत नाहीत. लोटे-परशुरामच्या औद्योगिक सांडपाण्याबद्दल इथले मच्छीमार अनेक वर्षे तक्रारी करत आले आहेत. पर्यटनाचा पैसा येणार असेल तर पाणी स्वच्छ राहण्याची गरज जास्त लोकांची होईल, एवढी आशा धरता येते.

शेवटी धोपावे. इथून फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे दाभोळ. बहमनी आणि आदिलशाही काळातले हे मोठे बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच निघाला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मेदाने हे शहर जाळले. देशावरचा माल सह्याद्रीचे घाट उतरून या धक्क्यावर येत असे. ग्रॅव्हल वाट म्हणून आपण जे जोडतो आहोत, ते व्यापाऱ्यांनी आणि बैलांनी आधी जोडलेले आहे.

आता मागणी एवढीच. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्ते हाती घेतले. शेतकऱ्याला ते हवेतच, आणि सायकललाही ते चालतील. चाळकेवाडी ते धोपावे या वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी, वनखात्याच्या संमतीने, जंगलाच्या गाभ्यात न शिरणाऱ्या वाटेच्या खुणा लावाव्यात, जेवणाखाणाची आणि मुक्कामाची घरे ठरवावीत, आणि गाभा क्षेत्र कुठे सुरू होते ते ठळक लिहावे. ज्यांना जायचे त्यांनी पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावे, एकटे जाऊ नये, आणि जिथे गावकरी थांबा म्हणतील तिथे थांबावे.