रंग उतरवा, पत्रा वाचवा

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची 1912 सालची पिवळीधमक रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. बॉडी बार्करची, मागे सिंहासनासारखी उंच बैठक. मागवली सहावे निजाम महबूब अली खान यांनी. 1911 मध्ये ते वारले आणि गाडी मुलगा उस्मान अली यांच्या वाट्याला आली. हिच्या अंगावर ब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून रंग उडवण्याचा, पाइप धरू म्हणणाऱ्याला आधी फाटकाबाहेर काढावं. इथे रंगही इतिहासाचाच भाग आहे.

जुन्या अॅम्बेसेडर-पद्मिनीचं तसं नाही. त्यांच्यावर थरावर थर, खाली लांबी, लांबीखाली गंज. मालक ब्लास्टिंग करून घ्यायला हैदराबादच्याच बालानगर किंवा जीडीमेटल्याच्या कारखान्यांकडे निघतो. पण तिथला हात टाक्या-गर्डरच्या जाड लोखंडाला सरावलेला. तोच जोर पद्मिनीच्या सपाट बॉनेटवर लावला, की कणांच्या माऱ्याने पत्र्याची वरची बाजू ताणते आणि मधोमध पोक येतं. मग बोटाने दाबलं की पत्रा डालड्याच्या डब्यासारखा ‘टक’ करून आत जातो, सोडला की बाहेर. कितीही लांबी भरा, ते नीट होत नाही.

म्हणून आधी रंग नव्हे, पत्रा पाहायचा. चासी, स्प्रिंगा, सस्पेन्शनचे हात यांना गार्नेट खड्याचे दाणे चालतात. कोरडी वाळू मात्र नकोच: तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. बॉनेट, दारं, टप यांना खाण्याचा सोडा किंवा प्लास्टिकचे दाणे, तेही कमी दाबाने, पाइप तिरका धरून. एका जागी रेंगाळायचं नाही.

सोड्याची ख्याती स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यामुळे झाली. 1980 च्या दशकात तिच्या तांब्याच्या आतल्या बाजूचं डांबर त्यानेच काढलं. काचेला-रबराला तो फारसा दुखवत नाही, पण गंजही काढत नाही. वर त्याची पांढरी भुकटी सांदीत राहिली, तर नवा रंग फुगून सुटतो. त्यामुळे धुणं, वाळवणं आलंच. आणि पावसाळ्यात? उघड्या पोलादावर काही तासांत तांबूस छटा चढते. प्रायमरवाला त्याच दिवशी हजर नसेल, तर काम पुढे ढकललेलं बरं.

दर विचारण्याआधी ब्लास्टिंगवाल्याला एवढंच विचारावं: दाराचा पत्रा याआधी केलाय का? हो म्हणाला, तर ते दार बघायला मागावं.